दोन ताटं

जयवंताबाई पुन्हा हसल्या आणि उद्धवरावांनी कपाळाला हात लावला.

"मावशी, हसून काऊन राह्यल्या तुमी? शिनेमात धनी मेला तुमचा. पण तुमाले वाटते का तो घरातच हाये."

"हाव ना बापू. पण हे मास्तर थर्माकोल धरून कसे उभे हायेत, पाह्य ना."

ते मास्तर म्हणजे मी. बल्बचा उजेड बाईंच्या तोंडावर परतवायला पांढरा थर्माकोल धरणं हे माझं काम. भीमपुरात उद्धवराव लग्नाचे व्हिडिओ काढायचे. नाचणारे वऱ्हाडी पाहून पाहून ते विटले आणि माणसाच्या मनातला अंधार दाखवणारा सिनेमा काढायला निघाले. गाणं नाही, मारामारी नाही. एक बाई, एक बल्ब, दोन ताटं. एक तिचं, एक मेलेल्या नवऱ्याचं. "भेव तोंडावर नको, हातात दिसलं पायजे," असं ते सांगत. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण शाळा सुटली की मी तिकडेच पळायचो. मजाच तशी होती.

जयवंताबाई खऱ्याही विधवाच. लेक सासरी, घरात एकट्या. शूटिंग सुरू झालं आणि त्या घराची जत्रा झाली. ओट्यावर शेजारणी, चुलीवर अंबाडीची भाजी. बाई रोज चुकायच्या. कधी हसायच्या, कधी ऐन शॉटमध्ये कुणाला तरी चहा विचारायच्या. उद्यापासून लग्नसराई, कॅमेरा नेरडीगोंडा गावच्या लग्नात जाणार होता. आज जमलं नाही तर सिनेमा बोंबलला.

शेवटी उद्धवरावांनी सगळ्यांना बाहेर काढलं, थर्माकोलपुरतं मला ठेवलं.

बाईंनी दोन ताटं वाढली. दुसऱ्या ताटातली भाकर त्यांनी भाजीत बारीक कुस्करली. त्यांच्या मालकांना शेवटी दात नव्हते, हे गावाला माहीत होतं. "जेवा," त्या म्हणाल्या आणि वाट पाहत बसल्या.

उद्धवरावांनी डोळे पुसले. "मावशी, हे तं तुमाले पयल्या दिवशीच येत होतं."

"येत होतं ना. पण पयल्याच दिवशी करून देल्लं असतं, तं दुसऱ्या दिवशी कोन आलं असतं माह्या घरी?"

कॅमेरा स्टँडवर घट्ट होता, मी पाहिलं होतं. तरी उद्धवरावांनी त्याचा स्क्रू उगाच आवळला.

"कॅमेरा हालला, मावशी. लग्नं झाले का पुन्हा घ्या लागते."

"हालतच असते तो," बाई म्हणाल्या. मग त्यांनी दार उघडून शेजारणींना हाक मारली आणि फडताळातली बाकीची ताटं काढली.