चौतीस नंबरची खूण

"रांगेत चौथा तू. म्हणजे तुझा उंटही चौथाच. तो काय तुझ्यापेक्षा वयाने मोठा आहे?"

एलेमाने काठी आडवी धरली तसा घुसलेला उंट मान वर करून थांबला आणि त्याचा मालक सोरा ओशाळं हसत मागे सरला. खाली विहिरीत चौघे जण एकाच्या डोक्यावर एक असे कपारींत उभे राहून बादल्या वर देत होते आणि देता देता गात होते. गाणं अडलं की बादली अडते, म्हणून भांडण वरचं वरच मिटवायचं असा एलेमाचा शिरस्ता होता.

एलदीमाच्या विहिरीवर पाळी लावायचं काम तो तीस वर्षं करत होता. त्याला ना पगार ना सरकारी टोपी. हद्दीच्या अलीकडच्या गाब्रांचे उंट, पलीकडच्या बोरानांच्या गायी, चालबीच्या वाळवंटातून मीठ लादून आलेले तांडे, सगळ्यांनी कोणत्या दिवशी आणि कुणाच्या मागून प्यायचं हे त्याने सांगायचं, आणि त्याने सांगितलं की वाद संपला. एकदा सख्ख्या भावाचे उंट त्याने तहानलेले परत पाठवले होते. भाऊ दोन वर्षं बोलला नाही, पण तेव्हापासून एलेमाच्या शब्दावर कुणी शंका काढली नाही. गरीब माणसाजवळ तेवढी एकच मिळकत होती आणि तो ती जपून होता.

"बाबा, हे सगळं तुम्ही लिहून कुठे ठेवता?" मुएनीने विचारलं.

"लिहायचं कशाला? मी विसरलो तर उंट आठवण करून देतो."

मुएनी ही सरकारी मोजणीवाली, दक्षिणेकडची, चार दिवसांपूर्वी जीपमधून आलेली. एवढ्या चौकस बाईशी एलेमाची आयुष्यात गाठ पडली नव्हती. मीठ कुठून येतं, गाब्रा उंटच का पाळतात, बोराना गायीच का पाळतात, इथे आधी कोण होतं, त्याच्या आधी कोण होतं. एलेमाने तरुणपणी मार्साबितच्या रस्त्यावर खडी फोडली होती, त्यामुळे त्याला स्वाहिली येई आणि उत्तरं द्यायचं काम त्याच्याच गळ्यात पडे. त्याला ते आवडायला लागलं होतं. तसा तोही काही कमी चौकस नव्हता.

पहिल्याच दिवशी त्याने तिच्या तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावला होता. आत उंट पाय वर करून चालत होते आणि आभाळ खाली सांडलं होतं.

"हे उलटं का दिसतं?"

"यंत्रच तसं आहे. आम्हांला सवय असते."

"म्हणजे उलटं बघून तुम्ही सरळ रेघ काढता." त्याने जरा विचार केला. "आणि रेघ केवढी रुंद असते? तिच्यावर उंट उभा राहील?"

"रेघेला रुंदी नसते, बाबा."

"मग तिच्यासाठी एवढे दगड कशाला रचायचे?"

मुएनी मनापासून हसली. पण खरी अडचण त्या दगडांचीच होती. पन्नास वर्षांपूर्वी गोऱ्या साहेबांनी दोन देशांमधली हद्द आखून जागोजाग दगडांच्या राशी रचल्या होत्या. आता दोन्ही सरकारांनी मिळून त्या शोधून चुना फासायचं ठरवलं होतं. पलीकडच्या, म्हणजे उत्तरेकडच्या, सरकारचा अस्फाव नावाचा अधिकारी तंबूत घाम पुसत बसला होता. तेहतीस नंबरची खूण सापडली होती, पस्तिसावीही सापडली होती. चौतिसाव्या खुणेबद्दल जुन्या वहीत एवढंच होतं: काळ्या खडकावर, विहिरीजवळ, छातीइतकी दगडांची रास.

आणि काळ्या खडकावर राशी होत्या दोन. एक विहिरीच्या उत्तरेला, एक दक्षिणेला. मधे विहीर, म्हणजे जी रास खूण ठरेल तिच्यावर विहीर कोणत्या देशाची ते ठरणार होतं.

घोळ कसा झाला ते एलेमाला पक्कं ठाऊक होतं. इकडे माणूस पुरला की वर दगड रचतात. येणारा-जाणारा एक दगड वाढवतो, चिमूटभर तंबाखू ठेवतो आणि पुढे जातो. साहेबाने खूण रचली आणि तो निघून गेला. मग मिठाचे तांडे आले. त्यांनी दगडांची रास पाहिली आणि कुणीतरी बिचारा इथे मेला असं समजून आपापली तंबाखू ठेवली. पन्नास वर्षं लोक साहेबाच्या खुणेला तंबाखू घालत होते. दोन्ही राशी आता सारख्याच उंच, सारख्याच काळ्या, आणि दोन्हींच्या फटींत तंबाखूचा चुरा.

दक्षिणेची रास ही खूण. उत्तरेची रास म्हणजे एलेमाचा बाप, वातो.

साहेबाच्या हद्दीसाठी पाण्याच्या पखाली वाहून वातोला ताप आला होता आणि सात दिवसांत तो गेला. एलेमा तेव्हा सोळा वर्षांचा होता. डोक्याकडचा पहिला दगड त्याने ठेवला होता.

"उद्या सकाळी दोन्ही उघडून बघू," मुएनी वही मिटत म्हणाली. "जिच्यात हाडं निघतील ती कबर. उरली ती खूण. सोपं आहे."

एलेमाच्या हातातली काठी तशीच राहिली आणि सोराचा उंट पुन्हा एक पाऊल पुढे सरकला. या वेळी त्याला कुणी अडवलं नाही.

दुपारी जातानी आला. जातानी पलीकडचा, बोराना, आपल्या लोकांतला मोठा मानकरी. दोघं एका वयाचे. तुपात परतलेली कॉफीची बोंडं फडक्यात बांधून आणली होती, ती त्याने बाभळीखाली मधे ठेवली.

"खा. उंटाच्या शेपटीमागे चालून चालून वाळलास."

"तुमच्या गायी तरी काय, वारा आला की पडतात," एलेमा म्हणाला, पण त्यात रोजची मजा नव्हती.

जातानीने एक बोंड तोंडात टाकलं. "उघडणार म्हणे उद्या."

"हो."

"खरं निघालं तर विहीर आमच्याकडे येते."

"मग तू नाच की. आनंद आहे."

"कसला आनंद? वर दोन विहिरी आमच्याकडे आहेत, दोन्हींवर शिपाई बसलेत. कागद दाखवा म्हणतात. गायीचा कागद कुठून आणू मी? इथे चौकी बसली की तुझे उंट बंद. माझ्या गायी त्याच्या आधी बंद, कारण मला ते ओळखतात. तुझं सरकार बरं. त्याला एलदीमा कुठे आहे हेसुद्धा माहीत नाही."

एलेमाला हसू आलं आणि लगेच विरलं.

"तू सांग," जातानी खाली बघत म्हणाला, "की वरची, उत्तरेची रास हीच खूण. मीही सांगतो. दोन्हीकडचे म्हातारे एकच बोलले तर कोण उघडणार?"

"तिथे कोण आहे ते तुला माहीत आहे."

"माहीत आहे. खड्ड्यात उतरवताना माझ्या बापाने त्याचे पाय धरले होते, आणि खांद्याकडून..." जातानीचं वाक्य अडलं आणि त्याने ते सोडून दिलं. "मी दगड आणले होते, एलेमा. म्हणून तर तुझ्याकडे आलो. दुसऱ्या कुणाला हे मागितलं नसतं."

एलेमा उठून विहिरीकडे गेला. संध्याकाळपर्यंत त्याने पाळ्या लावल्या आणि एकही चुकवली नाही, पण माणसं काय बोलत होती ते त्याच्या कानात शिरत नव्हतं. आयुष्यात खोटं न बोललेल्या माणसाला पहिलंच खोटं बोलायला लागावं आणि तेही बापाबद्दल, याचा त्याला राग आला होता. कुणावर काढावा ते कळत नव्हतं. साहेब मेला असणार. रेघेला तर रुंदीच नव्हती.

सकाळी मजूर पहारी घेऊन आले. एलेमा उत्तरेच्या राशीजवळ उभा राहिला आणि त्याने आपली काठी जमिनीवर आडवी ठेवली. काठी ठेवून म्हातारा बोलला की ती शपथ. हे पाहून विहिरीवरचं गाणंही थांबलं.

"ही हद्दीची खूण. साहेबाने रचली तेव्हा मी इथे होतो. खालची आहे ती कबर."

जातानीने शेजारी आपली काठी ठेवली. "तसंच आहे."

अस्फाव तंबूतून बाहेर आला. "अहो, पण इथे तंबाखू आहे. मला सांगितलंय, तंबाखू कबरीवर ठेवतात."

"आमचे लोक अडाणी, साहेब," एलेमा म्हणाला. "दगडांचा ढीग दिसला की तंबाखू ठेवतात. खाली कोण आहे, कोण नाही, विचारत नाहीत."

"तरी एक उघडू या. खात्री होईल."

"कोणती?" जातानीने विचारलं. "कबर उघडलीत तर यातला एकही माणूस तुमच्या जीपला पाणी देणार नाही."

"मग ही उघडा."

मुएनी वहीवरून वर बघत म्हणाली, "दोन्हीकडच्या साक्षीने ही खूण ठरली ना? खूण मोडायची तर दोन्ही सरकारांचं पत्र लागतं. यायला चार महिने."

अस्फावने एकदा उन्हाकडे पाहिलं, एकदा जातानीकडे. "आमचाच म्हातारा विहीर सोडतोय, तर मी कशाला भांडू," असं पुटपुटून त्याने सही केली.

मुएनीने छापील कागद काढला. "साक्षीदाराचं नाव एलेमा. वडिलांचं?"

"वातो."

"हयात?"

"नाही."

कागदावरचं संपलं होतं. पण ती मुएनी होती. "त्यांची कबर कुठे आहे, बाबा? इकडेच कुठे?"

एलेमाने राशीकडे पाठ फिरवली नाही आणि नजरही नेली नाही. "आम्ही फिरती माणसं, पोरी. माणूस जिथे पडतो तिथे ठेवतात आणि पुढे निघतात."

"जागा आठवत नाही?"

"नाही."

तिने अंगठ्यासाठी शाई पुढे केली. त्याने अंगठा उठवला आणि शाई पुसायच्या आधीच चुन्याची बादली उचलली.

"मजूर आहेत की," अस्फाव म्हणाला. "याचे पैसे मिळायचे नाहीत हां."

"नकोत."

मजुराने कुंचला दिला, तो त्याने घेतला नाही. तो पश्चिमेच्या टोकाशी गेला, जिथे डोकं होतं, आणि हातानेच सुरुवात केली. कपाळावर तूप चोळावं तसा एकेक दगड सावकाश माखत गेला. फटींतला तंबाखूचा चुरा चुन्यात मिसळून पिवळट होत होता. चुन्याने बोटांची आग होत होती. जातानी येऊन बादली धरून उभा राहिला. पायांशी पोचायला बराच वेळ लागला आणि तोवर मजुरांची जेवणं उरकली होती.

चुना वाळल्यावर मुएनीने काळ्या रंगाचा डबा उघडला आणि मधल्या मोठ्या दगडावर चौतीसचा आकडा काढला. चार पावलं मागे येऊन तिने मान तिरकी करून पाहिलं.

"बरा दिसतो का, बाबा?"

एलेमाने आकड्याकडे पाहिलं.

"सरळ आलाय," तो म्हणाला.