सतराचा आकडा

सतराचा आकडा – भिंतीवरच्या कॅलेंडरातला, काळा, करंगळीच्या नखाएवढा – हातात धरलेल्या काचेतून तिला स्वच्छ दिसत होता, आणि पाक एन्तिस म्हणत होते, "झालं बघ, नेंग. सतरा पुसला."

लिलिसने – पाक तिला लाडाने नेंग, म्हणजे पोरी, म्हणत – पुन्हा पाहिलं. सतरा जागच्या जागी होता. त्याखालची बारीक अक्षरंसुद्धा वाचता येत होती.

बांडुंगच्या या प्रयोगशाळेत ती आली त्याच आठवड्यात सगळे आदराने पाक म्हणत त्या या म्हाताऱ्या तंत्रज्ञाने तिला शिकवलं होतं... सौर घटाचा थर इतका पातळ, की ऊन त्यातून सरळ निघून जातं, थांबतच नाही. म्हणून काचेवरचा लेप आम्लात बुडवून खडबडीत करायचा, म्हणजे ऊन तिरपं होऊन थरात रेंगाळतं आणि वीज वाढते. किती वेळ बुडवायचं? धूसरपणा मोजायचं यंत्र कायमचं बिघडलेलं. पाक म्हणाले होते, धुऊन वाळवून कॅलेंडरसमोर हातभर अंतरावर धर, काचेतून सतरा दिसेनासा झाला, पुसला, की पुरे. सतराच का, तर ती त्यांच्या लग्नाची तारीख. बायको म्हणते, ती तरी लक्षात ठेवा.

महिनाभर तिच्या घटांची वीज घसरत होती. शुक्रवारपर्यंत सुधारली नाही तर संशोधनाचा विषय बंद, असं मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं. काच कधी काढायची ते पाकच ठरवत, म्हणून ती रोज स्वतःच्याच हातांना दोष देत होती. पण याच महिन्यात पाक जिना भिंतीला हात लावून चढायला लागले होते... दिव्याभोवती कडं दिसतं, असं हसत म्हणाले होते... त्यांना सगळंच धूसर दिसत होतं, म्हणून काच आम्लातून वेळेआधीच बाहेर येत होती.

चूक माझी नव्हती. तिला हायसं वाटलं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. पहिल्या वर्षी शेवटची चांगली काच तिच्या हातून फुटली, तेव्हा पाक सरांसमोर उभे राहून म्हणाले होते, माझ्या हातून सुटली. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी घरून गरम कोंब्रो, कसावाचे तिखट वडे, तळून आणले, आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही. मी साधे आभारसुद्धा मानले नव्हते.

ते नमाजाला गेले की गुपचूप पुन्हा बुडवता येईल... आज. आणि उद्या?

"पाक, अजून थोडी बुडवू या."

ते हळूच म्हणाले, "तुला दिसतो सतरा?"

"दिसतो... अगदी स्वच्छ."

त्यांनी डोळे किलकिले करून कॅलेंडरकडे पाहिलं. मग चिमटा त्यांनी तिच्या हातात दिला. "मग तू बघ. मी सेकंद मोजतो. मोजायला काही डोळे लागत नाहीत."

डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच नेईन त्यांना, तिने ठरवलं, नाही म्हणाले तरी. काच आम्लात उतरली. पाकांचा आवाज शेजारी सावकाश, एकसारखा चालला होता, आणि त्या आवाजाबद्दल तिला खूप माया वाटली. कधी काढायची ते आता तिलाच ठरवायचं होतं. चुकली तर चूक तिचीच असणार होती... आणि ती कुणी आपल्यावर घेऊ नये, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.