बर्फपेटीला आलेला संशय

मी एक जुनी बर्फपेटी आहे. मित्रांनो, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या पोटात लशीच्या बाटल्या असतात. जरा ऊब शिरली की सगळं मातीमोल. मग झाकण उघडणाऱ्या प्रत्येक हाताकडे मी संशयानं बघणार नाही तर काय?

कारखान्यातून निळीशार निघाले ती थेट या कोंबड्यांच्या शेडवर आले. शेड दादाची आणि लस पाजायचं काम त्याच्या धाकट्या बहिणीचं. केस पिकायला लागले तरी तिला सगळे छोटीच म्हणतात. नळाच्या पाण्यातल्या औषधानं लस मरते, म्हणून विहिरीचं पाणी आणायचं, त्यात दुधाची पावडर ढवळायची आणि मगच लस मिसळायची, हा तिचा नेम. "ह्या पेटीच्या जिवावर कोंबड्या जगल्यात," असं दादा पाहुण्यांना सांगायचा. पुढे माझी कडी तुटली, झाकणाला सायकलच्या ट्यूबची पट्टी आली आणि कौतुक आटलं.

मग एका थंडीत कोंबड्या खोकू लागल्या. गळ्यात घरघर, अंडी वेडीवाकडी. लस तर वेळेवर पाजलेली. दादाच्या मनात पाल चुकचुकली.

"नळाच्या औषधाच्या पाण्यातच कालवलीस ना लस? खरं सांग."

"नाही दादा. विहिरीचंच होतं."

"मग कोंबड्या काय हौसेनं खोकतात? उद्यापासून शेडमध्ये पाऊल टाकू नकोस."

वीस वर्षं ज्या कोंबड्यांचं केलं, त्यांच्याकडे न बघता ती निघून गेली. आणि सांगायला लाज वाटते, पण मलाही तिचाच संशय होता. लस आणली की ती दर तासाला माझं झाकण उघडायची. माझा गारवा हीच घालवते, असं मी धरून चालले होते.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी कोंबड्यांच्या श्वासनळीत कापसाची काडी फिरवली, थोडं रक्तही घेतलं आणि सगळे नमुने माझ्यातच ठेवून प्रयोगशाळेत नेले. आठवड्यानं निकाल आला.

"लस अंगी लागलीय, रक्तात दिसतंय," त्या दादाला म्हणाल्या. "बदललाय तो ह्या खोकल्याचा विषाणू. स्वतःच्या नकला काढताना तो चुका करतो आणि एखादी चूक त्याच्या पथ्यावर पडते. तुमची लस त्याचं जुनं रूप ओळखते, हे नवं नाही. आता जोडीला दुसरी द्यायची."

"पण ह्या मोडक्या पेटीत लस टिकली कशी?"

डॉक्टरीणबाईंनी माझं झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला पेन्सिलीनं बारीक अक्षरात वेळा लिहिलेल्या होत्या. अकरा, बर्फ बदलला. बारा, बर्फ बदलला. एक, बर्फ बदलला. माझ्याच अंगावरचं हे मी कधी वाचलं नव्हतं.

चोर सोडून आम्ही संन्याशाला फाशी दिली होती. दादा तसाच अनवाणी तिच्या घरी गेला. ती आली. नवी लस आत ठेवली, पट्टी ताणून बांधली आणि मग म्हणाली, "तासानं बर्फ आण." त्यानं आणला. झाकणावर वेळही त्यानंच लिहिली.

मित्रांनो, माझा संशयी स्वभाव आता काही जायचा नाही. तुम्हीही संशय जरूर घ्या, पण आधी त्या रूप बदलणाऱ्या विषाणूचा घ्या. आणि माणसाचा घ्यायची वेळ आलीच, तर आधी झाकण उलटून बघा.