पडद्याची शिवण आणि चौपट ठिपके

आमच्या मुलाचा जीव ठिपक्यांत अडकला होता. प्रोजेक्टरवरचं चित्र म्हणे ठिपक्यांचं बनतं. आमच्या घरच्या प्रोजेक्टरला ठिपके कमी, आणि बाजारात फोर के नावाचा आलाय त्याला चौपट. "चौपट, आई!" असं तो मला येता-जाता सांगायचा, जसे काही ते ठिपके त्याला पगारात मिळणार होते.

मी म्हटलं, "आहेत त्यात तुला काय कमी पडतं?"

"चेहरे पुसट दिसतात."

"मग आधी चष्मा पूस."

आमची सून चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. ती चहा गाळता गाळता म्हणाली, "पुसून काही व्हायचं नाही, आई. नंबर वाढलाय त्यांचा. अख्ख्या गावाचे डोळे मी तपासते, घरचा माणूस काही त्या खुर्चीत येऊन बसत नाही."

"माझ्या डोळ्यांचा इथे काय संबंध?" मुलगा म्हणाला.

आता याला काय सांगायचं!

आमची सिनेमाची खोली म्हणजे मूळची माझी शिवणाची खोली. तिथे बसून मी उभा जन्म लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवले. गुडघे कुरकुरायला लागले तसं काम थांबवलं, आणि मशीनवर धूळ बसायच्या आत मुलाने तिथे प्रोजेक्टर आणून ठेवला. ठेवला कुठे, तर माझ्या मशीनच्याच टेबलावर. मशीन पोटात आणि हा डोक्यावर. मी चालवून घेतलं, कारण समोरच्या भिंतीवरचा सिनेमाचा पडदा माझ्या हातचा होता. पडद्यांचं जाड पांढरं अस्तर घरात उरलेलं होतं. त्याचा पन्हा लहान, म्हणून दोन तुकडे आडवे लावून मधोमध जोडले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच लांब शिवण. माझ्या हातचं ते शेवटचं मोठं काम. आणि शिवण दिसत नाही हं. निदान सोफ्यावरून तरी नाही.

एक दिवस मुलगा चपला घालता घालता म्हणाला, "नवा प्रोजेक्टर घेतला की त्याच्याबरोबर तयार पडदा पण घेऊ. बटण दाबलं की वरून खाली येतो."

"आणि माझा?"

"गाडी झाकायला होईल की."

सुनेने त्याच्याकडे असं बघितलं की तो एक चप्पल उलटी घालून बाहेर पडला. पण मला जे कळायचं ते कळलं. ठिपके नुसते तोंडी लावायला होते. डोळा होता माझ्या पडद्यावर.

रात्रीच्या जेवणाला मी विषय काढला. आमचे हे बसचे ड्रायव्हर होते. रिटायर झाले तरी घरातल्या वादात अजून नियमाने वागतात, दोन्ही बाजूंना बघतात आणि कोणत्याच बाजूला वळत नाहीत. पण त्या दिवशी यांनी ताटातून मान वर केली आणि चक्क म्हणाले, "जुनाच बरा आहे. काही नको बदलायला."

मी गारच पडले. लग्न झाल्यापासून हा माणूस पहिल्यांदा माझ्या बाजूने बोलला होता! मी यांना आणखी एक पोळी वाढली, तीही न विचारता.

त्या भरात मुलाला म्हटलं, "आण तुझा तो फोर के. समोरासमोर दाखव. मला फरक दिसला तर घे. नाही दिसला तर या घरात पुन्हा ठिपका म्हणायचं नाही."

"अगं, कशाला उगीच!" हे म्हणाले. मला वाटलं, माझी काळजी.

सुट्टीच्या दिवशी मुलाने दुकानातून एक नवा प्रोजेक्टर दाखवण्यापुरता मागून आणला. दुपारची वेळ होती, म्हणून खिडक्यांचे पडदे ओढले. भर दुपारी रात्र करायची तरी माझेच पडदे लागतात, हे मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. हे आपल्या खुर्चीत बसले. एरवी चित्र सुरू व्हायच्या आत यांचं घोरणं सुरू होतं. आज मात्र ताठ, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर.

आधी जुन्यावर दाखवलं. समुद्र होता, एक बोट होती, बोटीत दाढीवाला म्हातारा. चांगला होता समुद्र. ओला वाटत होता. मला त्याहून जास्त काही नको होतं.

मग नवा लावला.

फरक दिसला. खोटं कशाला बोलू? लाटेवरचा फेस वेगळा, त्यातला थेंब वेगळा. म्हाताऱ्याच्या दाढीत कुठे काय अडकलंय तेही दिसत होतं. आणि दिसत होती माझी शिवण. जिथे आभाळ आणि पाणी मिळतं, नेमकी त्याच रेषेवर येऊन बसली होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"बघ आई, मी म्हणत होतो ना..."

"काय म्हणत होतास?"

"काही नाही. ठिपके."

सून खोकल्याचं निमित्त करून हसली. मी उठले आणि सरळ पडद्यापाशी गेले. माझी सावली समुद्रात उभी राहिली, बोट गिळून. म्हटलं, आता दिसतेच आहे तर नीट बघू दे. अगदी जवळून बघितलं, आणि बघतच राहिले. एकूणएक टाका दिसत होता. कुठे लांब नाही, कुठे आखूड नाही, दोरा ताणलेला नाही की सैल नाही. मुंग्या रांगेने चालाव्यात तसे.

"या इकडे!" मी म्हटलं. "बघा आणि सांगा, यात एक टाका चुकलाय का? चौपट ठिपक्यांत शोधा!"

मी शिवणीवर बोट ठेवून चालत निघाले. मधोमध आले, पुढे गेले, आणि उजव्या टोकापासून वीतभर अंतरावर बोट अडखळलं. शिवण वर चढली होती. चढून गरकन वळली होती आणि लाजल्यासारखी पुन्हा जागेवर आली होती. समुद्राला टेंगूळ आलं होतं.

मुलगा आणि सून जवळ येऊन वाकले.

"असू दे गं आई," मुलगा म्हणाला, "एवढंसंच तर आहे."

"हे माझं नाही."

"अगं, पडदा तूच शिवलास ना?"

"पडदा माझा. हे माझं नाही. माझा हात असा जात नाही."

"पण आई, या घरात दुसरं शिवतं कोण?" सून म्हणाली.

मागून खुर्ची करकरली. हे घसा साफ करत होते. आमच्या घरात हा आवाज फार क्वचित येतो, आणि चांगल्यासाठी कधीच येत नाही.

"तू हा पडदा शिवत होतीस, त्या दिवशी तुला तुझ्या बहिणीचा फोन आला होता," हे म्हणाले.

"मग?"

"तुमचं बोलणं म्हणजे... मला वेळ होता. म्हटलं, तेवढ्यात बघू जमतंय का. पाय ठेवला तर तुझं मशीन सुटलंच. ब्रेक सापडेना."

"अहो, जन्मभर बस सरळ चालवलीत, आणि माझ्या कापडावर वळण घेतलंत?"

"खड्डा चुकवला."

मुलाने पडद्याकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"आणि इतके दिवस तोंड शिवून बसलात?"

"तू फोनच्या नादात बघितलं नाहीस, आणि जुन्यावर कुठे दिसत होतं? म्हणून तर म्हटलं, जुनाच बरा."

म्हणजे माझी बाजू घेतली नव्हती. आपलं वळण झाकलं होतं. आणि मी पोळी वाढली! तुपासकट!

मी सोफ्यावर येऊन बसले. समुद्र चालूच होता. त्या टोकाला लाट आली की टेंगळावर चढायची आणि उतरायची. इकडे एवढी लांब सरळ शिवण, आणि तिथे हा माणूस जीभ दाताखाली धरून, ब्रेक शोधत.

"घे," मी मुलाला म्हटलं. "प्रोजेक्टर घे."

"खरंच? आणि पडदा?"

"हाच राहील."

"अगं पण शिवण दिसते!"

"आता कुठे दिसायला लागली. इतके दिवस तुमच्या त्या अंधुक दिव्यात माझं काम वाया चाललं होतं. आणि घ्यायच्या आधी बायकोच्या खुर्चीत बसून ये. फुटक्या डोळ्यांना चौपट ठिपके कशाला?"

"उद्या अकराला या," सून त्याला म्हणाली. "उशीर केलात तर रांगेत बसवीन."

मुलगा हरला, पण सवयीने म्हणाला, "निदान तेवढं वाकडं तरी उसवून टाक."

मशीनच्या खणातून मी कात्री काढली. पडद्यापाशी गेले. मागे वळून बघितलं तर हे खुर्चीच्या टोकावर येऊन बसलेले, चेहरा असा की जणू लायसन्सच काढून घेताहेत. मी कात्री पुन्हा खणात टाकली.

"राहू दे. वळली तिथे वळली."

नवा प्रोजेक्टर आला. मुलाला चष्माही नवा आला, आणि ठिपक्यांचं नाव आता तो काढत नाही. हे मात्र हल्ली सिनेमात जागे असतात. परवा मोठं सपाट माळरान होतं पडद्यावर, नायक एकटा घोड्यावरून चाललेला. उजव्या कोपऱ्यात आला तसा घोडा टेकाड नसताना टेकाड चढला.

"आला आपला स्टॉप," हे अंधारात पुटपुटले.

"मग उतरा," मी म्हटलं, "आणि चहा टाका."