तारांचा कठडा

कप्तान बोटीवरून निवृत्त होऊन घरी आला, तेव्हा त्याच्या बायकोला वाटलं होतं की आता माणूस जरा निवळेल. पण जन्मभर हुकूम सोडलेल्या माणसाला घरीही कुणीतरी खलाशी लागतोच, आणि घरात ती एकटीच होती.

घर उतारावर होतं. मागच्या बाजूला खांबांवर उभा केलेला लाकडी सज्जा, त्याच्याखाली खोल उतार आणि उताराच्या पायथ्याशी बंदर. सज्ज्याला छातीपर्यंत फळ्यांचा बंद कठडा होता. उंचीचं भय तिला लहानपणापासूनचं. स्टुलावर चढली तरी पोटात गोळा यायचा. त्या फळ्यांच्या आडोशाला मात्र ती निर्धास्त बसायची, भाजी निवडायची, उन्हात डुलकी काढायची. अख्ख्या घरात तेवढी एकच जागा तिची अशी होती.

एके दिवशी कप्तानाने जाहीर केलं की फळ्या काढायच्या. घर बंदरावर आणि खुर्चीत बसून बंदर दिसत नाही, हा काय प्रकार? त्याने फिटरला बोलावलं. काच लावली तर खाऱ्या वाऱ्याने ती रोज पुसावी लागेल, उभे गज लावले तर तुरुंगात बसल्यासारखं वाटेल, असं करत करत दोघं स्टीलच्या आडव्या तारांवर आले. तारा लांबून दिसतसुद्धा नाहीत, फिटर म्हणाला. सज्ज्याला लावायच्या आणि आतल्या जिन्यालाही, कप्तानाने ठरवून टाकलं.

चहाचा ट्रे घेऊन ती दारात उभी होती. फिटरने तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"काकूंना उंचीची भीती वाटत असेल तर जिन्याची बाजू फळ्यांनी बंद ठेवू, साहेब. तारा फक्त बाहेर लावू."

"लग्न झाल्यापासून पोसतोय मी तिची भीती," कप्तान म्हणाला. "आता जरा उपाशी ठेवून बघू."

काम सुरू झालं. कोपऱ्यातले खांब जाडजूड लागतात, कारण सगळ्या तारांची ओढ त्यांच्यावर येते; लेचापेचा खांब वाकतो आणि तारा सैल पडतात. ते खांब रोवून झाले, जुन्या फळ्या निघाल्या, आणि सज्ज्याच्या कडेला नुसती हवा उरली. तेव्हा कप्तानाने बायकोला हाक मारली. कोपऱ्यातल्या खांबापाशी उभं राहून तारेचं टोक धर, म्हणाला. फिटर म्हणाला, माझ्याकडे पकड आहे, माणसाची गरज नाही. कप्तानाने ऐकलं नाही. त्या दिवशी त्याची बहीण आली होती, तीही बघायला दारात आली.

बायको पुढे गेली. नाही म्हणण्याची सवय तिला नव्हती. तारेचं टोक हातात घेतलं, खाली नजर गेली. ती मटकन खाली बसली. कपडे ओले झाल्याचं तिला मागाहून कळलं. मग ती चार पायांवर रांगत दारापर्यंत आली. नणंद डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली आणि वर म्हणाली, "वहिनी, अगदी बाळ दिसत होतीस हो." फिटरने मान वर केली नाही. मधली तार पेच फिरवून ताणायची, मग एक वरची, एक खालची, अशा क्रमाने त्याचं काम चाललं होतं.

जिन्यालाही तारा लागल्या. आता ती वर झोपायला जायची ती पायरीपायरीवर बसत, भिंतीला पाठ घासत. पाहुणे आले की कप्तान तारा दाखवायचा आणि मग म्हणायचा, "अगं, तू कशी वर जातेस ते दाखव ना." ती दाखवायची. न दाखवलं की तो आठवडाभर अबोला धरायचा, आणि तो अबोला तिला हसण्यापेक्षा जड जायचा.

मग एका सकाळी तो सज्ज्यात कोसळला. तिने आवाज ऐकला आणि दाराशी धावली. तो कठड्याला लागून आडवा पडला होता, तोंड वाकडं झालेलं, एक हात तारेत अडकलेला. तो तिच्याकडे बघत होता. घशातून नुसती घरघर येत होती.

ती गुडघ्यांवर बसली आणि रांगायला लागली. थोडं अंतर गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आज पोटात गोळा आलेला नाही. खाली बंदर दिसत होतं, बोटी दिसत होत्या, आणि तिला काही होत नव्हतं. ती उठून चालत त्याच्यापर्यंत जाऊ शकली असती.

ती थांबली. त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "अहो, मला भीती वाटते."

मग ती मागे फिरली, स्वयंपाकघरात गेली, खुर्चीत बसली. घरघर थांबेना, तेव्हा कुठे तिने फोन उचलला. कधी पडले, असं डॉक्टरांनी विचारलं. आत्ताच, ती म्हणाली. थोडं लवकर आणलं असतं तर वाचा वाचली असती, असं डॉक्टर पुढे म्हणाले. तिला वाटलं होतं, आता आपल्याला रडू येईल. नाही आलं.

कप्तान चाकांच्या खुर्चीत घरी आला. तिने त्याची जागा आतल्या खोलीत केली, भिंतीकडे तोंड करून. खाणंपिणं, औषध, अंघोळ, कशातही कसूर नाही. नणंद येऊन बघून गेली आणि वहिनी म्हणजे देवमाणूस आहे, असं चारचौघांत सांगत सुटली.

नव्या तारा काही महिन्यांनी सैल पडतात, त्या पुन्हा ताणाव्या लागतात. त्यासाठी फिटर आला. ती त्याच्याबरोबर सज्ज्यात गेली, कठड्याला टेकून उभी राहिली आणि कुठली तार ढिली आहे ते बोटाने दाबून दाखवू लागली. फिटर तिच्या पायांकडे बघत राहिला.

जाताना तो कप्तानाला नमस्कार करायला आत गेला. कप्तानाने चांगल्या हाताने त्याची बाही धरली आणि सज्ज्याच्या दिशेने मान वळवण्याचा प्रयत्न केला. बाही सोडेना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"साहेबांना बाहेर बसायचंय वाटतं," फिटर म्हणाला.

"उजेड सोसत नाही त्यांना," ती म्हणाली.

फिटरने तिच्याकडे पाहिलं, मग कप्तानाकडे. मग त्याने एकेक करून कप्तानाची बोटं बाहीवरून सोडवली, हत्यारांची पिशवी उचलली आणि निघून गेला.

तिने पदराने नवऱ्याचं नाक पुसलं, आणि खुर्ची भिंतीकडे आणखी थोडी सरकवली.