हँडलखालचा सांधा

मी एक सायकल बोलतेय. सध्या घरालगतच्या आमच्या बंद कारखान्यात भिंतीच्या हुकाला पुढच्या चाकाने लटकले आहे. दारातून पाहाल तर म्हणाल, चांगली ठणठणीत आहे की! कारण दारातून माझी डावी बाजू दिसते. तुम्ही उजव्या बाजूलाही या. लपवालपवी आमच्या घरात पुष्कळ झाली.

माझा जन्म याच खोलीतला. बाबांनी मला घडवलं. चाळीस वर्षं ते पोलादी नळ्यांच्या सायकली बनवत आले. नळीचं तोंड कानशीने इतकं घासायचे, की दुसऱ्या नळीला टेकवल्यावर मधून उजेडाची रेघ दिसू नये. मग ज्योतीवर दोन्ही तापवून सांध्यात पितळ वितळवायचं. पितळ पाण्यासारखं पळत सांध्याभोवती वळसा घेतं. तो वळसा पुरा झाला की बाबा श्वास सोडायचे. यंत्रावर दिवसाला शंभर सायकली निघतात, बाबांची महिन्याला एक. पण त्यांचा एकही सांधा कधी सुटला नव्हता.

मी त्यांच्या लेकीसाठी होते. ती शाळेत विज्ञान शिकवते. सात दिवसांच्या एका शर्यतीत तिने नाव दिलं होतं. अकराशे किलोमीटर, सगळे खडीचे, मातीचे, वाळूचे रस्ते. नियम साधा होता. वाटेतलं जे दुकान सगळ्यांसाठी उघडं आहे, तिथे काहीही घ्या, काहीही दुरुस्त करा. घरच्यांनी मात्र मदत करायची नाही.

बाबांच्या डोळ्यांचा पडदा झिजत चालला होता. डॉक्टर म्हणाले होते, वर्षभरात माणसं ओळखू येणार नाहीत. हे त्यांनी फक्त आईला, म्हणजे आपल्या बायकोला, सांगितलं. इथेच, माझ्या नळ्या कापताना.

"पोरीला कळू देऊ नकोस. नाव काढून घेईल. एकदा तिला ती शेवटची रेघ ओलांडताना बघतो, मग काय व्हायचं ते होऊ दे."

आई नाक पुसत म्हणाली, "बघा हं, दिसत नसताना ज्योतीशी खेळताय."

"दिसतं गं. हाताला दिसतं."

रंग लेकीनेच दिला. त्याआधी घासताना तिचं बोट हँडलखालच्या सांध्यावर, उजव्या बाजूला अडलं. सुईच्या टोकाएवढ्या जागी पितळ पोचलंच नव्हतं. बाबांचा हात चुकला हे तिला आधी पटेना. पटलं, तर सांगवेना. तिने त्या भोकात रंगाऱ्याची लांबी भरली आणि वरून हिरवा रंग फासला.

"काय गं, कसा जमलाय सांधा?" बाबांनी विचारलं.

"एक नंबर, बाबा."

मला तेव्हा तोंड असतं तर!

शर्यत सुरू झाली. पहिल्या दिवशी पाइनचं जंगल, दुसऱ्या दिवशी कमरेएवढं गवत, तिसऱ्या दिवशी मिठाने पांढरं पडलेलं कोरडं तळं. मी आयुष्यात इतकी आनंदी कधी नव्हते. आमच्या मागेपुढे एक निवृत्त पोस्टमन असायचा, सगळे त्याला काका म्हणत. "चाळीस वर्षं लोकांची पत्रं पोचवली," तो म्हणायचा, "आता स्वतःलाच पोचवतोय. पत्ता मात्र चुकतोय."

माझ्या हँडलला एक डबी बांधली होती. ती आम्ही कुठे आहोत ते कळवायची आणि घरी पडद्यावर आमचा ठिपका सरकायचा. बाबा त्याला नाक लावून बसत, असं मी नंतर ऐकलं. आई म्हणे, "अहो, त्या ठिपक्यालाही ताट वाढू का?"

पाचव्या दिवशी पठार उतरताना, गोट्यांच्या कोरड्या नदीत, माझ्या गळ्याशी 'कट्' झालं. सांधा निम्मा उघडला. लेक उतरली, वाकली, आणि कितीतरी वेळ उठलीच नाही.

मला ढकलत तिने चार घरांची एक वस्ती गाठली. तिथे ट्रक दुरुस्त करणारा मिस्त्री होता. त्याने मला उलटसुलट पाहिलं.

"अर्ध्या तासाचं काम, ताई. चहा घ्या, तोवर झालं."

"जोड नंतर दिसेल का?"

"वेल्डिंग म्हटल्यावर दिसणारच की! सायकल चालवायचीय की लग्नात मिरवायचीय?"

ती एका जुन्या टायरवर बसली. तेवढ्यात काका येऊन थांबला. "नियमात बसतंय. लावून घे आणि नीघ. वेळ आहे अजून."

"बाबांना दिसेल, काका."

"मग दिसू दे!"

"चाळीस वर्षांत त्यांचा एकही सांधा सुटला नाही. पहिला मी घेऊन जाऊ?"

काकाने टोपी काढली, परत घातली. "शहाणी आहेस, की वेडी, देव जाणे," म्हणाला, आणि निघून गेला.

पाऊण तास ती तशीच बसली. मग भेगेवर टेप गुंडाळली, मिस्त्रीला हात जोडले आणि मला घेऊन चालू लागली. पुढचा थांबा बासष्ट किलोमीटरवर होता. आम्ही पोचलो तेव्हा ठरलेली वेळ संपून तिथला तंबू उठला होता. आयोजकांच्या गाडीत मला आडवं टाकलं. फोनवर ती म्हणाली, "बाबा, गुडघा गेला."

बाबा आणि आई तोवर शेवटच्या गावी येऊन थांबले होते. सातव्या दिवशी आम्ही तिथे पोचलो, गाडीतून. बाबांनी आधी तिचा गुडघा चाचपला. मग मला. त्यांचे हात माझ्यावरून फिरत टेपेवर थांबले. त्यांनी ती सोडवली. नख भेगेत गेलं आणि लांबीचा एक तुकडा तळहातावर पडला.

"हे तू भरलंस?"

"हो."

"म्हणजे तुला तेव्हाच ठाऊक होतं."

तिने सुटलेल्या टेपेचा बोळा केला.

"नकाशावर एका दुरुस्तीच्या दुकानापाशी ठिपका पाऊण तास उभा होता. मी हिला म्हटलं, काहीतरी दुरुस्त करून घेतेय. का नाही लावून घेतलंस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, बाबा."

बाबांनी तो तुकडा मुठीत धरला. "अगं, सांधा चुकला तर परत लावता येतो. मी तुला रेघ ओलांडताना बघायला आलो होतो. पुढच्या वर्षी मला दिसणार नाही."

"म्हणजे?"

आईने तोंड फिरवलं, तेव्हा लेकीला कळलं.

मागे टाळ्या वाजल्या. काका पोचला होता. बाबांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि मूठ तशीच ठेवून दुसऱ्या हाताने मांडीवर थाप दिली. त्यांच्या टाळ्या एवढ्याच.

याला दीड वर्ष झालं. बाबांनी मला इथे टांगलं आणि परत ज्योत पेटवली नाही. लेक दर रविवारी येते, त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते. ती आली हे त्यांना पावलांवरून कळतं. दोघं हवामानावर बोलतात, भाज्यांवर बोलतात. कुणी कुणावर रागावलेलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. एकदा बाबा म्हणाले, "लावून घे गं कुणाकडून तरी." ती म्हणाली, "तुमच्याशिवाय नाही." त्यावर ते हसले. असं हसणं पुन्हा कुठल्या माणसाचं ऐकायची वेळ माझ्यावर येऊ नये.

पोरी, त्यांच्यावर तुझा जीव आहे म्हणून तू लपवलंस, तुझ्यावर त्यांचा जीव आहे म्हणून त्यांनी लपवलं, आणि मोडलात ते तुम्ही दोघं. मी तर नुसतं लोखंड. मला खाली उतरव. कुठल्याही मिस्त्रीकडे ने. ओबडधोबड जोड चालेल मला. मग बाबांना घेऊन चल, रेघेजवळ खुर्ची टाकून बसव. दिसणार नाही त्यांना. पण खडीवर त्यांचंच चाक येतंय, हे शंभर चाकांतून ते ओळखतील.

आजही रविवार आहे. पलीकडच्या खोलीत ती मोठ्याने बातम्या वाचतेय. आता पान उलटलं. आता ती उठेल, जाताना या दारावरून जाईल. दर वेळी मला वाटतं, आज आत येईल.

पावलं दारापाशी हळू झाली. आणि गेली.