अक्षतांमधली कणी

"उचललीत की आधी उघडून बघा. रिकामी आहे असं मी सांगितलं, तरी बघा!" दुकानदार म्हाताऱ्याचं हे सांगणं अजून माझ्या कानात आहे.

मित्रांनो, मी एक जुनी रिव्हॉल्व्हर आहे. अमेरिकेत, न्यू इंग्लंडमधल्या एका कारखान्यात मी घडले. जॉर्जियातल्या एका कापडगिरणीच्या पहारेकऱ्याच्या कमरेला माझी उमर गेली. चामड्याला घासून घासून माझा निळसर रंग उडाला. दर रविवारी तो मला तेल द्यायचा आणि "गुणाची गं माझी" म्हणायचा. रिकामे डबे पाडण्यापलीकडे त्यानं मला काही करायला लावलं नाही, ही देवाचीच कृपा. तो वारला, आणि मी अल्फारेटाजवळच्या एका दुकानात काचेच्या पेटीत येऊन पडले. मग कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

१९८६ साली, पितृपक्ष सरायच्या आधीच, चंद्रशेखरराव आणि मृणालिनीबाई त्या दुकानात आले. पैसे टाकून कपडे धुवायच्या यंत्रांचं त्यांचं छोटंसं दुकान चोरांनी फोडलं होतं. तेव्हापासून चंद्रशेखररावांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. मृणालिनीबाईंना शस्त्र नको होतं. देवापुढे दिवा लावल्याशिवाय पाणीही न घेणारी ती बाई दाराशीच उभी राहिली.

म्हाताऱ्यानं आम्हा तिघींना बाहेर काढलं. एक चकचकीत आणि स्वस्त. दुसरी लांब नळीची, नेमाला उत्तम, पण महाग. तिसरी मी.

"ही चमकणारी घेऊ. अगदी नवी वाटते," चंद्रशेखरराव म्हणाले.

आता मात्र मृणालिनीबाईंना राहवेना. "चमकते म्हणून कढई घेतात का हो? आधी कान हलवून बघतात."

चंद्रशेखररावांनी म्हाताऱ्याला ते इंग्रजीत समजावलं, तसा तो खदखदून हसला. "बाईंना दुकानात नोकरीला ठेवतो!" त्यानं चमकणारीची गोळ्यांची चकरी हलवून दाखवली. पडायला आलेल्या दातासारखी ती डुगडुगली. माझी मात्र जागची हलली नाही. माझ्या नळीतून उजेडाकडे पाहिलं, तर आत गंजाचा डागही नव्हता.

"आणि ती लांबडी?"

"तुम्ही काय नेमबाजीच्या स्पर्धेला निघालात?" मृणालिनीबाई म्हणाल्या.

रंग उडाला म्हणून माझा भाव कमी होता. अशी मी त्यांच्या घरी आले.

खंडेनवमीला मृणालिनीबाईंनी मला पाटावर ठेवलं, पान्याशेजारी आणि कात्रीशेजारी. मी तेव्हा रिकामी होते. हळदकुंकू वाहिलं, कुंकवात भिजवलेल्या अक्षता वाहिल्या. मग वाकून हळूच म्हणाल्या, "कुणाचा जीव घेऊ नकोस गं बाई." इतक्या मायेनं माझ्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं.

दसरा झाल्यावर चंद्रशेखररावांनी मला वरवर पुसलं, गोळ्या भरल्या आणि दुकानातल्या खणात ठेवलं.

नोव्हेंबरातली एक सकाळ. चंद्रशेखरराव दुकान उघडायला आले, तर आत दिवा! हळूच आत जाऊन, खण उघडून त्यांनी मला हातात घेतलं. जाकिटाची टोपी डोक्यावर ओढलेलं कुणीतरी यंत्रावर वाकलं होतं.

"कोण आहे?" ते ओरडले. यंत्राच्या घरघरीत ते ऐकू जाईना. ती व्यक्ती एकदम वळली. हातात काहीतरी काळं होतं. चंद्रशेखररावांनी मला रोखलं आणि घोडा दाबला.

मित्रांनो, शस्त्राला नको म्हणता येत नाही. माझी चकरी फिरू लागली आणि मध्येच अडली. त्यांनी पुन्हा जोर लावला. ती हलेना.

"काका! काका, इट्स मी! संध्या!"

अटलांटात शिकणारी ही मराठी मुलगी. कॉलेजला जाण्याआधी कपडे धुता यावेत म्हणून मृणालिनीबाईंनी तिला किल्ली दिली होती आणि घरी सांगायचं राहून गेलं होतं. हातातलं काळं म्हणजे दुमडलेली छत्री!

चंद्रशेखररावांनी मला लगेच खाली ठेवलं. माझाही जीव भांड्यात पडला.

फोन जाताच मृणालिनीबाई धावत आल्या. नवऱ्यानं मला उघडून गोळ्या काढल्या. चकरीच्या मागच्या फटीत लाल काहीतरी रुतलं होतं. तांदळाची कणी.

"अगं बाई! अक्षता अखंड लागतात. मी एकेक दाणा निवडला होता. ही कणी राहिलीच कशी?"

"मावशी, राहिली तेच बरं झालं ना!" संध्या रडता रडता हसली. "नेक्स्ट टाइम मूठभर टाका."

"नेक्स्ट टाइम नाहीच," चंद्रशेखरराव म्हणाले.

"मग प्रॉमिस करा, काका. विकूसुद्धा नका. दुसऱ्यांच्या घरी कणी नसेल."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "प्रॉमिस."

मित्रांनो, जुन्या वस्तू आमची निगा राखा म्हणून विनवतात. मी म्हणते, आधी माणसांची निगा राखा. किल्ली कुणाला दिली ते घरात सांगा. हाक मारली की उत्तराची वाट बघा. आणि माझ्यासारखी कुठं दिसली तर हात न लावता मोठ्यांना बोलवा.

आज सकाळी चंद्रशेखररावांनी पोलिसांना फोन केला. त्यांच्याकडे जमा केलं की माझं लोखंड वितळवतील. मी रिकामीच होते, तरी त्यांनी मला पुन्हा उघडून पाहिलं आणि टॉवेलात गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवलं. मृणालिनीबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. "सावकाश जा हं," एवढंच म्हणाल्या.

आपल्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. मला बोलता आलं असतं, तर मी आज आनंदानं 'जाते' म्हटलं असतं.

चंद्रशेखररावांनी चहासुद्धा घेतला नाही. गाडी हळूच मागे घेतली आणि ते निघाले.